मरियम वाचताना तुम्हाला कोण आठवलं?

गोदाकाठची
भाचीने काल खालिद होसैनींची 'अ थाउजंड स्प्लेंडिड सन्स' ही अफगाणिस्तानातली कादंबरी संपवली आणि रात्री उशिरा फोन. रडतच होती. मरियम-लैलाचं बोलता बोलता मला आमची थोरली आई आठवली. नंतर झोपच लागेना, म्हणून लिहितेय.

वाचलेल्यांना माहीतच आहे. १५ वर्षांची मरियम हेरातहून काबूलला रशीदच्या घरात आली, तिचं एकही मूल टिकलं नाही. पुढे १९९२ मध्ये रॉकेट पडून आईबाप गेलेली १४ वर्षांची लैला सवत म्हणून त्याच घरात. आधी लाकडी चमच्यावरूनसुद्धा भांडणं. मग लैलाची तान्ही अझीझा मरियमला चिकटली, आणि एका रात्री दोघी अंगणात चहा नि हलवा घेऊन बसल्या. मला विचाराल तर सगळं बळ त्या चहात आहे. फावडं फार नंतरचं.

आमच्या आजोबांचीही दोन लग्नं. मुंबई प्रांतात द्विभार्याबंदीचा कायदा १९४६ ला आला, त्याच्या आधीची गोष्ट. थोरलीला मूल नाही म्हणून धाकटी आणली, ती माझी आजी. धड भाकरी थापता येत नव्हती तिला. थोरलीने शिकवली, तिची बाळंतपणं केली, बाबा तर थोरलीच्याच कुशीत झोपायचे. आजोबांचा हात उठला की थोरली मध्ये उभी राहायची, हे आजीनेच सांगितलेलं. ती गेल्यावर आजी दरवर्षी गौरी बसवताना ज्येष्ठेला तिचंच लुगडं नेसवायची. नवीन साडी कनिष्ठेला.

तुमच्या वाट्याला अशी कोणी आली असेल तर लिहा ना.

कुकरची_शिट्टी
भूल न देता सिझेरियन!! ते पान मी परत उघडलेलं नाही. बायकांसाठी ठेवलेलं एकच इस्पितळ आणि तिथे औषधंच नाहीत. लैला किंचाळते आणि मरियम तिचा हात धरून उभी. माझ्या वेळी नवरा जहाजावर, आई आधीच गेलेली. खालच्या मजल्यावरची नर्सताई नाइट ड्यूटी संपवून घरी न जाता थेट माझ्याकडे आली आणि कळा संपेपर्यंत हलली नाही. केरळची होती, मराठी येईना, पण "दम, दम" एवढं बरोबर म्हणायची. लेकीचं बारसं तिनेच केलं. जाते, दूध उतू चाललंय.

नुसती_वाचक
अहो फावडं काय?? मी अजून निम्म्यावर आहे! शेवट सांगू नका कुणी.

गोदाकाठची
अगं हो, आता गप्प बसते. तू वाच.

सांजवात
मला हमामचा, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघराचा प्रसंग. मरियमचं पहिलं बाळ पोटातच जातं तो. माझं तिसऱ्या महिन्यात गेलं. भेटायला आलेला प्रत्येक जण "होईल परत" म्हणून चहा पिऊन गेला. होस्टेलपासूनची माझी मैत्रीण रात्रीच्या एसटीने कोल्हापूरहून आली. काही बोलली नाही. केसांना तेल लावलं, डिंकाचे लाडू पुढे ठेवले, म्हणाली बाळंतिणीला देतात ते तुलाही लागतात. मला बाळंतीण म्हणणारी ती एकटीच. अजून भाऊबीजेला तिच्याचकडे जाते मी.

कुकरची_शिट्टी
सांजवात, तुला घट्ट मिठी गं. 🌼

मुठाकाठ
पुण्यात आमच्या वरच्या खोलीत एक अफगाण विद्यार्थिनी भाड्याने राहायची. ऑगस्ट २०२१, तालिबान काबूलमध्ये शिरले ती रात्र. घरचा फोन लागत नव्हता. माझी आई तिच्या शेजारी पहाटेपर्यंत बसून होती, एकीचं हिंदी मोडकं, दुसरीचं त्याहून मोडकं. सकाळी मऊ तूपभात भरवला तिला. तेव्हापासून ती आईला खाला म्हणते. तिच्या धाकट्या बहिणीची शाळा सहावीनंतर बंद झाली. आईने ही कादंबरी त्यानंतर वाचली आणि सारखी विचारायची, ती धाकटी आता काय करत असेल गं.

खडीसाखर
नुसती_वाचक, हा प्रतिसाद सोडून पुढे जा.
मला मरियमचा शेवट पटलेला नाही. रशीदला फावड्याने मारलं तिने, त्याच्यापासून वाचले ते लैला आणि मुलं, आणि काबूलच्या गाझी स्टेडियममध्ये मृत्युदंडासाठी गुडघे टेकले मरियमने. आईपण सिद्ध करायला बाईने मरायलाच हवं का? माझ्या आत्याने आम्हां भावंडांना वाढवलं, लग्न केलं नाही, आणि ती मस्त जगतेय. परवाच अष्टविनायक करून आली. मला अशी जगणारी मरियम हवी होती.

गोदाकाठची
खडीसाखर, आत्यांना नमस्कार सांगा. पण मला वाटतं मरियमने मरण निवडलं नाही, त्यांची वाट मोकळी करायचं निवडलं. आयुष्यभर दुसऱ्यांनी ठरवलं तिचं. हे तिने ठरवलं. लैला पळून चल म्हणत असतानाही.

खडीसाखर
ते कळतं. तरी राग येतोच.

बापमाणूस
पुरुषाने लिहिलं तर चालेल ना. सावत्र आईने वाढवलं मला. "सावत्र" हा शब्द घरात पहिल्यांदा मीच काढला, दहावीत, भांडणात. ती स्वयंपाकघरात गेली आणि थोड्या वेळाने माझं ताट वाढून आणलं. एवढंच लिहू शकतो.

सांजवात
दादा 🙏

नवी_मुंबईकर
मराठी अनुवाद आहे का? सासूबाईंना द्यायचाय.

मुठाकाठ
आहे की. ग्रंथालयात विचारा, बहुतेक ठिकाणी असतो. नाहीतर आईची प्रत देते पाठवून, तिची दोनदा वाचून झालीय.

नवी_मुंबईकर
चालेल! आणि सांजवात, ते डिंकाचे लाडू उन्हाळ्यात चालतात का? वहिनी मे महिन्यात बाळंत होणार आहे.

सांजवात
चालतात. डिंक कमी घाल, खारीक-खोबरं वाढव, थोडी खसखस. डिंक तुपात मंद आचेवर पूर्ण फुलू दे, कच्चा राहिला तर दाताला चिकटतो. मैत्रिणीला प्रमाण विचारून संध्याकाळी टाकते.