डब्लिनच्या पोरांनी एकमेकांना ‘ब्रो’ म्हणावं का?

लिफीकाठ (धागाकर्ता)

काडी टाकतोय, सांभाळून घ्या.

इथे आयर्लंडात, डब्लिनच्या बसमधून उतरताना ड्रायव्हरला ‘थँक्स बड’ म्हणायची इथली रीत. दुकानदार गिऱ्हाइकाला ‘चीफ’ म्हणतो. कॉर्कात वाक्याच्या शेवटी ‘बॉय’ येतंच, आणि ते समोरचा साठीचा असला तरी चालतं. मिडलंड्सच्या, म्हणजे देशाच्या मधल्या भागातल्या, गावांत धिप्पाड गड्याला प्रेमानं ‘हॉर्स’ म्हणतात. गॉलवेकडची म्हातारी अनोळखी पोरीलाही ‘लव्हीन’ म्हणून हाक मारते. गॉलवेजवळच्या ट्यूमचा माणूस ‘शॅम’ म्हणाला की त्याला गाव विचारायची गरज उरत नाही. नुसत्या हाकेवरून माणसाचा जिल्हा ओळखू यावा असा हा देश.

आणि आता शाळा सुटल्यावर बसस्टॉपवर काय ऐकू येतं? ब्रो, डूड, गाईज. वर लंडनहून आलेलं ब्रव्ह (भावा) आणि फॅम (घरच्यासारखा दोस्त). डोळे मिटून ऐकलं तर पोरगं डब्लिनचं की अमेरिकेतल्या ओहायोचं, कळत नाही.

माझं म्हणणं असं: या लोकांची मूळ भाषा, आयरिश, एकोणिसाव्या शतकात गेली. १८३१ पासूनच्या सरकारी शाळा इंग्रजीच्या, त्यावर १८४५ ते ५२ चा दुष्काळ. पण जी इंग्रजी डोक्यावर बसली तिलाच त्यांनी आपलं वळण लावलं. ते वळणही आता हातचं जातंय. १८९२ साली आयरिश भाषेचा कैवारी डग्लस हाइडनं डब्लिनमध्ये व्याख्यान दिलं होतं, विषय हाच की आयर्लंडनं इंग्रजी अनुकरण सोडावं. तेव्हा इंग्रजांची नक्कल करणाऱ्याला ‘शोनीन’ म्हणून हिणवत. ‘ब्रो’ म्हणणारा पोरगा हा आजचा शोनीन, फक्त साहेब बदललाय. बोला.

भाषाकिडा

लिफीकाठराव, धागा झकास, निष्कर्ष साफ चूक.

तुम्ही ‘अस्सल’ म्हणून जी यादी दिलीत तिच्यातलंच ‘बड’ घ्या. ते अमेरिकेतलं, एकोणिसाव्या शतकातलं. ‘चीफ’ फ्रेंचांकडून इंग्रजांत आणि तिथून इकडे. दुकानांत ‘बॉस’ही चालतं, ते डचांकडून न्यूयॉर्कमार्गे आलं. म्हणजे तुमच्या आजोबांच्या पिढीनं उचललं ते परंपरा, आणि नातवानं उचललं ते शोनीन?

सगळ्यात मोठा पुरावा ‘क्रॅक’चा. ‘व्हॉट्स द क्रॅक?’ म्हणजे काय चाललंय, काय गंमतजंमत. पर्यटकांच्या टी-शर्टवर हा शब्द आयरिश आत्मा म्हणून छापतात. मुळात तो उत्तर इंग्लंड-स्कॉटलंडकडचा, आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतामार्गे खाली उतरला. आयरिश भाषेनं तो घेतला, त्याला आपलं स्पेलिंग दिलं (crack चं craic), आणि १९७० च्या दशकात एका टीव्ही कार्यक्रमाच्या घोषवाक्यातून तो असा गाजला की इंग्रजीनं नव्या स्पेलिंगसकट परत घेतला. उसना घेतलेला शब्द घरचा कसा होतो ते बघायचं तर हे बघा.

आणि भाषा हाकेत राहत नाही हो, वाक्याच्या सांगाड्यात राहते. डब्लिनचा पोरगा म्हणतो, ‘ब्रो, आयॅम आफ्टर मिसिंग द बस.’ म्हणजे बस आत्ताच चुकली. हे ‘आफ्टर’ लंडनलाही नाही आणि ओहायोलाही नाही, ते सरळ आयरिशमधल्या ‘तर एश’ या रचनेवरून उतरलंय. तुम्ही वाक्यातल्या पहिल्या शब्दाशी भांडताय आणि उरलेलं वाक्य ऐकतच नाही.

मुक्काम पोस्ट कॉर्क

दोघांनाही बायका दिसत नाहीत वाटतं.

आमच्या वॉर्डात सगळ्या बायका. सकाळी सिस्टर येते आणि म्हणते, ‘राइट, लॅड्स.’ मला सुरुवातीला वाटायचं मागे कोणी पुरुष उभे आहेत. इथे ‘लॅड्स’ सगळ्यांना लागतं, पन्नाशीच्या पाच बायका एकत्र बसल्या तरी त्या लॅड्सच. त्यामुळे अमेरिकन ‘गाईज’ आलं तेव्हा त्याला जागा आधीच तयार होती. ब्रोचं तसं नाही. ब्रो अजून मुलांचं मुलांसाठी. माझी मुलगी मैत्रिणीला ब्रो म्हणते ते मुद्दाम, चिडवायला.

कॉर्कच्या बायकांत ‘गर्ल’ चालतं, ‘हाऊ आर या, गर्ल?’ आणि ते ऐंशीच्या आजीलाही. अमेरिकन मालिकांतही गर्ल आहे, पण सूर वेगळा. आमच्याकडचं ऐकताना आपल्याकडचं ‘अगं’ आठवतं.

अवांतर: कॉर्कातल्या ‘बॉय’चा उच्चार जवळजवळ ‘बाय’ होतो. आमच्या कोकणात बाय म्हणजे लाडकी पोर. इथे दाढीवाला ट्रकवाला दुसऱ्या दाढीवाल्याला बाय म्हणतो. हसू दाबायला जड जातं.

आडवा छेद

सगळे गोड गोड चाललंय म्हणून जरा मीठ टाकतो.

कॉर्कची पोरं पोराला ‘फीन’ आणि पोरीला ‘ब्योर’ म्हणतात. लिफीकाठ, तुमचं लाडकं ‘शॅम’ही त्याच घराण्यातलं. हे शब्द कोणाचे? आयरिश ट्रॅव्हलर समाजाचे. भटका समाज, त्यांची स्वतःची बोली, तिला ते कँट किंवा गॅमन म्हणतात, अभ्यासक शेल्टा म्हणतात. पोलिसाला आणि जमीनदाराला कळू नये म्हणून त्यात आयरिश शब्द उलटेपालटे केलेले. आयरिशमध्ये दार म्हणजे ‘दोरस’, त्यांच्यात ‘रोदस’. मुलगी ‘कॅलीन’, त्यांच्यात ‘लॅकीन’.

२०२२ च्या जनगणनेत हा समाज सुमारे ३३ हजार. वेगळा वांशिक समूह म्हणून सरकारी मान्यता मिळाली ती थेट १ मार्च २०१७ ला. आजही लग्नाचा हॉल बुक करायला गेले आणि आडनाव कळलं की तारीख ‘आधीच गेलेली’ असते. पण त्यांचे शब्द गावातल्या पोरांना हवेत, कारण त्यांत रग आहे.

अमेरिकेकडून घेतलेल्या ब्रोबद्दल गळे काढायचे आणि आपल्याच वेशीबाहेरच्या लोकांकडून घेतलेल्या शब्दांना ‘आमची स्थानिक ओळख’ म्हणायचं, हे मला पटत नाही. उधारी कुठली चांगली, कुठली वाईट हे ठरवताना सावकार बलाढ्य असला की आपल्याला लाज वाटते. तो गरीब असला की उधारी घेतली होती हेच आपण विसरतो.

लिफीकाठ

आडवा छेद, मुद्दा जबरा, पण तो माझ्याच बाजूचा आहे.

शॅम, फीन, ब्योर हे शब्द जत्रेत, घोडेबाजारात, एकाच गल्लीत राहून इकडून तिकडे गेले. देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत होते, भांडत होते. त्या संबंधांत अन्याय होता हे मान्यच. पण संबंध होता. ब्रो मोबाइलच्या पडद्यावरून येतं. ओहायोच्या पोराला ट्यूम नावाचं गाव आहे हेही माहीत नाही. आणि उलट दिशेनं काहीच जात नाही. याला देवाणघेवाण कशी म्हणू? ही निव्वळ आयात.

भाषाकिडा, ‘आफ्टर’चं उदाहरण सुरेख. पण सांगाडा टिकेल याची हमी काय? ‘मॅम’चं काय झालं बघा. बहुतेक आयर्लंडात आई म्हणजे मॅम किंवा मॅमी. डब्लिनच्या पैसेवाल्या भागात ‘मम’. मदर्स डेला दुकानात जा, मॅम लिहिलेलं कार्ड शोधताना दमछाक होते, मम आणि मॉम मात्र ढिगानं. आईला काय म्हणायचं हे कार्ड छापणारा ठरवणार?

मुक्काम पोस्ट कॉर्क

थांबा थांबा. ‘मॉम’वर घसरू नका. कॉर्क-केरीकडे मॉम जुनं आहे, लोक शपथेवर सांगतात की आमच्या पणजीलाही मॉमच म्हणत. डब्लिनवाले त्यांना ‘अमेरिकन झालात’ म्हणतात तेव्हा इथे खरोखर भांडणं होतात. डब्लिनात ऐकू येतं तेवढंच आयरिश, असं धरू नका दादा.

जुना वाचक

कॉर्कचा विषय निघालाच आहे तर ‘लँगर’ राहिलं. कॉर्कातली प्रेमळ शिवी, मूर्ख अशा अर्थाची. तिथे एक गोष्ट रंगवून सांगतात: रॉयल मन्स्टर फ्युझिलियर्सचे शिपाई हिंदुस्थानात होते, त्यांना लंगुरांनी छळलं, आणि घरी परतताना त्यांनी शब्द आणला. पुरावा शून्य. पण पलटण खरी आहे. १८८१ साली ती बनली ती कंपनी सरकारच्या बंगालमधल्या गोऱ्या पलटणींतूनच. ‘डेको’ म्हणजे बघणे आणि ‘कुशी’ म्हणजे आरामाचं, हे तर आपल्याच ‘देखो’ आणि ‘खुशी’वरून गोऱ्या सोल्जरांनी उचललेले, आणि त्या सोल्जरांत आयरिश भरपूर होते.

बाकी चालू द्या.

शेंगदाणा चटणी

मी ड्रॉहेड्याला राहतो. ब्रव्ह, फॅम यांवर बोलतो, कारण धाग्यात ते ‘लंडनहून आलेलं’ म्हणून एका ओळीत उडवलंय.

हे बोलणारी पोरं कोण आहेत? आमच्या गल्लीतल्या बऱ्याच जणांचे आईबाप नव्वदीत आणि दोन हजारनंतर नायजेरिया, काँगोहून आले. त्यांची चुलत भावंडं लंडनला. त्यांच्यासाठी हे पडद्यावरचं नाही, सुट्टीत घरी येणाऱ्या भावाचं आहे. त्या लंडनच्या बोलीचा पायाही जमैकन, म्हणजे स्थलांतरितांचाच. ही पोरं त्या शब्दांत ड्रॉहेड्याचे हेल मिसळून रॅप करतात, आणि ते इंग्लंडमध्ये ऐकलंही जातं. लिफीकाठ, हे घ्या तुमचं उलट दिशेनं जाणं.

जून २००४ च्या सार्वमतानं जन्मानं आपोआप मिळणारं नागरिकत्व बंद केलं. तेव्हापासून इथे जन्मलेल्या पोराला ‘तू मूळचा कुठला?’ विचारणारे वाढले असं माझं मत. त्याच्या तोंडच्या हाकेला शोनीन म्हणणं म्हणजे तोच प्रश्न जरा शिकल्यासवरल्या भाषेत विचारणं.

लिफीकाठ

हे अंगावर आलं, पण माझा रोख त्या पोरांवर नव्हता. ड्रॉहेड्याच्या गल्लीत रुजलेलं फॅम मला चालेल. डब्लिनच्या श्रीमंत फॉक्सरॉकमधल्या बंगल्यात राहून, आयपॅडवर बघून बोललेलं नाही चालणार. फरक आहे आणि तो मी सोडणार नाही.

शेंगदाणा चटणी

मग बसस्टॉपवर डोळे उघडे ठेवून ऐका. हलकेच घ्या.

रेन कोट

सगळ्यांचं वाचलं. मला हा वाद कामगारांच्या पगाराचा प्रश्न सोडून कँटीनच्या चहावर भांडण्यासारखा वाटतो.

२०२२ च्या जनगणनेत १८ लाख ७३ हजार ९९७ जणांनी लिहिलं की आम्हाला आयरिश येतं, म्हणजे चाळीस टक्के. शाळेबाहेर रोज बोलणारे किती? ७१ हजार ९६८. १९३७ च्या राज्यघटनेत ती पहिली राजभाषा. तिची ही गत असताना तुम्ही इंग्रजीतल्या दोन हाकांत आयरिशपण शोधताय. हाइडच्या त्या व्याख्यानाची आठवण काढलीत, तर पुढच्याच वर्षी, १८९३ ला, त्यानं आणि सोबत्यांनी गेलिक लीग काढली हेही सांगा. त्यांनी अस्सल इंग्रजी बोलीचे गोडवे गायले नाहीत, आयरिशचे वर्ग चालवले.

आणि गंमत बघा. आयरिशमध्ये हाक मारायची वेगळी विभक्ती जिवंत आहे, आपल्या ‘मित्रा’, ‘मुलांनो’सारखी. शेमस नावाच्या माणसाला हाक मारताना ‘अ हेमिश’ होतं, आणि स्कॉटलंडच्या गेलिकमधल्या याच रूपावरून हेमिश हे वेगळंच नाव तयार झालं. गेलटाख्टमध्ये, म्हणजे जिथे ही भाषा अजून घरात आहे तिथे, पोरं मित्रांना ‘अ लॅड्स’ म्हणतात. लॅड्स इंग्रजी, पुढचा ‘अ’ आयरिश. उद्या ती ‘अ ब्रो’ म्हणू लागली तर मी पेढे वाटेन, कारण वाक्य तरी आयरिश असेल.

मालवणी खाजा

आमच्या मालवण तालुक्यातल्या वराडचे वराडकर, त्यांचा मुलगा तिकडे दोनदा पंतप्रधान झाला आणि लोक त्याला सरळ ‘लिओ’ म्हणायचे. पोलिसाला ‘गार्ड’, प्राथमिक शाळेतल्या बाईंना ‘टीचर’ नाहीतर आयरिशमधून ‘मुंटोर’ आणि पुढे पहिलं नाव. अशा ठिकाणी बड काय, ब्रो काय, काम एकच: तू मोठा नाहीस, मी छोटा नाही. ते काम होतंय तोवर शब्द कुठल्या बोटीनं आला ते बघू नये.

आडवा छेद

खाजेसाहेब, काम नेहमी एकच नसतं. रात्री दीडला पार्सल घेऊन जाणाऱ्या आपल्या पोराला दारातला माणूस ‘चिअर्स, बॉस’ म्हणतो. शेजाऱ्याला तोच ‘बड’ म्हणतो. बॉस फक्त टॅक्सीवाल्याला, कबाबवाल्याला, डिलिव्हरीवाल्याला. मान द्यायचा म्हणून म्हणतो, पण नाव विचारायचं टाळतो.

मुक्काम पोस्ट कॉर्क

आमच्या दारात तो पोरगा आला की शेजारीण त्याला ‘पेट’, म्हणजे लाडक्या, म्हणते. तो ब्राझीलचा, दिसायला सहा फूट. त्याला विचारलं, चालतं का रे? म्हणाला, टिप दिली तर काहीही चालतं.

लिफीकाठ

चला, एवढं नोंदवून ठेवतो की ‘यूज’ अजून शाबूत आहे. अनेकांना उद्देशून वेगळा ‘तुम्ही’ हवाच ही आयरिशची सवय, तीच डब्लिनच्या इंग्रजीत ‘यूज’ होऊन बसलीय आणि गावाकडे ‘यी’. काल बसस्टॉपवर ऐकलं, ‘ब्रो, आर यूज कमिंग ऑर वॉट?’ भाषाकिडा यावर आनंदानं उड्या मारणार. मी मारणार नाही. त्याच घोळक्यातला सगळ्यात लहान पोरगा ‘यूज’च्या जागी ‘यू गाईज’ म्हणत होता.

भाषाकिडा

मारल्या उड्या. तो लहान पोरगा पंधराचा झाला की काय म्हणतो ते कळवा, तोवर धागा वर काढत राहीन.