लाल सिग्नलला गाडी कोणी थांबवायची, हाताने की डीकोडरने?

नौपाडा

रविवारी संध्याकाळी माझ्या मॉडेल रेल्वेच्या बोर्डवर अपघात झाला. लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभ्या मालगाडीला मागून डिझेल इंजिन येऊन धडकलं आणि ब्रेकव्हॅन टेबलावरून खाली गेली. तिची पायरी तुटली, एक बफर वाकला. पुतणी शेजारीच उभी होती. "काका, लाल होता ना?" एवढंच म्हणाली. लाल होता.

कारण सापडलं आहे. आदल्या रात्री त्या इंजिनाचा पत्ता (कंट्रोलर त्याला ज्या नंबराने ओळखतो तो) गोंधळला, म्हणून सीव्ही ८ मध्ये ८ लिहून मी डीकोडर, म्हणजे इंजिनातली आज्ञा पाळणारी चिप, मूळ स्थितीवर आणला. सीव्ही म्हणजे डीकोडरमधली नंबर दिलेली एकेक सेटिंग. त्यासरशी सीव्ही २७ सुद्धा शून्य झाला. पत्ता परत घातला, २७ राहून गेला.

तरीही मी म्हणतो, डिजिटल गाडीचा ब्रेक डीकोडरकडेच हवा. ज्यांनी एबीसी, म्हणजे सिग्नलला आपोआप ब्रेक लावायची पद्धत, वापरलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डीसीसीमध्ये, म्हणजे गाड्यांच्या डिजिटल नियंत्रणात, रुळांवरचा विजेचा दाब सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होतो आणि दोन्ही बाजूंना सारखाच असतो. सिग्नलच्या अलीकडे उजवा रूळ कापून त्या तुकड्याला एका दिशेने चार आणि उलट दिशेने एक असे डायोड (वीज एकाच दिशेने सोडणारे सुटे भाग) लावले की एक बाजू साधारण दोन व्होल्टनी खाली येते. सीव्ही २७ चालू असेल तर डीकोडर ही तफावत ओळखून ब्रेक लावतो. सिग्नल हिरवा झाला की रिले डायोडना वळसा देतो आणि गाडी आपली आपण निघते. थांबलेली असतानाही दिवे लागलेले असतात, इंजिनाची घरघर चालू असते. समोरून, उलट दिशेने आलेली गाडी त्याच तुकड्यावरून न थांबता जाते. लेन्झ या जर्मन कंपनीची ही पद्धत. इतकी साधी आणि इतकी नेमकी गोष्ट हाताशी असताना आपल्यातले निम्मे लोक अजून नॉब फिरवून गाड्या थांबवतात, याचं मला वाईट वाटतं.

ऐरोलीकर

पुतणीला लागलं नाही ना? ते आधी सांगा.

बाकी, तुमच्या हकिकतीतच माझं उत्तर आहे. एक आकडा राहिला आणि धडक झाली. आकडा कुणाचाही राहील. पण हात नॉबवर असता तर गाडी लालकडे निघालेली तुम्हाला दिसली असती. आपोआप थांबणार हे एकदा मनात बसलं की नजर दुसरीकडे जाते, आणि हा छंद नजरेचाच आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून आपल्या ठाण्याला पहिली गाडी आली, तेव्हा ब्रेक माणसाच्याच हातात होते. आजही मोटरमन बारा डब्यांची लोकल ठाणे स्टेशनात नेमकी खुणेवर आणून उभी करतो. तो कुठल्या डायोडवर विसंबतो?

नौपाडा

पुतणी ठीक आहे, पायरीही चिकटवली.

मोटरमनचं म्हणाल तर मुंबईच्या उपनगरी मार्गांवर ऑक्झिलरी वॉर्निंग सिस्टीम आहे. मोटरमनकडून लाल सिग्नल ओलांडला गेला तर ती स्वतः ब्रेक लावते. एरवी गाडी तोच थांबवतो. म्हणजे त्याचं कसब आणि त्याच्या पाठीशी असलेलं यंत्र, दोन्ही एकत्र नांदतात.

आता हाताचा हिशेब मांडू. सीव्ही ४ मध्ये, म्हणजे गाडी किती सावकाश थांबावी त्या सेटिंगमध्ये, २० असेल तर पूर्ण वेगावरून थांबायला जवळजवळ १८ सेकंद लागतात (आकडा गुणिले ०.८९६). एचओमध्ये, म्हणजे १:८७ मापाच्या मॉडेलात, ताशी १०० किलोमीटरची गाडी रुळावर सेकंदाला ३२ सेंटिमीटर धावते. थांबेपर्यंत ती २८६ सेंटिमीटर जाते. माझा अख्खा बोर्ड ८ फुटांचा, म्हणजे २४४ सेंटिमीटर! तीच गाडी निम्म्या वेगाने आली तर ७२ सेंटिमीटरमध्ये थांबते. वेग निम्मा, अंतर पाव. एका वेळी दोन गाड्या धावत असताना हा अंदाज मला जमत नाही. 'ठरलेल्या अंतरात थांब' ही सोय चालू केली की वेग कितीही असो, नाक त्याच जागी येतं. ईएसयू कंपनीच्या डीकोडरात त्यासाठी सीव्ही २५४ आहे, झिमोच्या डीकोडरात १४० आणि १४१. माझी गाडी सिग्नलच्या बोटभर आधी थांबते, रोज.

घोडबंदर रोड

दोघांशीही असहमत. डीकोडरला फक्त आपलं इंजिन कळतं, गाडीची लांबी कळत नाही. इंजिन मागे लावून डबे पुढे ढकलत आणा. डबे सिग्नल ओलांडून जातात तरी इंजिन त्या तुकड्यात आलेलंच नसतं. मग एबीसी काय थांबवणार? त्यापेक्षा ब्लॉकमध्ये गाडी ओळखणारे डिटेक्टर लावा आणि कॉम्प्युटरवर जेएमआरआय हे सॉफ्टवेअर बसवा. फुकट आहे, आणि प्रत्येक इंजिनाचा वेग मोजून ठेवता येतो. शिवाय माझं एक झिमोवालं इंजिन मोकळ्या रुळावरच थांबायचं, कारण माझ्या बूस्टरचा, म्हणजे रुळांना वीज पुरवणाऱ्या यंत्राचा, दाबच मुळात थोडा एकांगी होता. सीव्ही १३४ (किती तफावतीला थांबायचं तो आकडा) वाढवून ते सुटलं, पण दोन शनिवार त्यात गेले.

वाशी

दिवे असलेले डबे वापरणाऱ्यांनी एक पाहा. ज्या डब्याच्या पुढच्या-मागच्या दोन्ही बोगी (डब्याखालचे चाकांचे गाडे) वीज उचलतात आणि आत एकमेकींना जोडलेल्या असतात, तो रुळाच्या कापावर आला की डायोडना वळसा मिळतो. इंजिनाला तफावत दिसेनाशी होते आणि ते ब्रेक सोडून पुन्हा पळतं. मला आठवडाभर वाटत होतं डीकोडर बिघडलाय. अशा गाडीसाठी थांब्याचा तुकडा अख्खी गाडी मावून वर ब्रेकचं अंतर उरेल एवढा करा, म्हणजे शेवटचा डबा काप ओलांडून गेल्यावरही इंजिनाला थांबायला जागा राहील. नाहीतर डब्यांची जोडणी बदला. डायोड तीन अँपिअरचे घ्या, लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात.

ऐरोलीकर

२८६ सेंटिमीटरचा हिशेब मी घरी फूटपट्टी लावून पाहिला, बरोबर आहे. पण त्यावरून मी उलटंच म्हणेन: ८ फुटांच्या बोर्डवर ताशी १०० ची गाडी पळवूच नये. ताशी ३० ने आणा, अंतर हाताच्या अंदाजात येतं. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना असंच शिकला. आधी दहादा चुकला, मग एकदा गाडी फलाटाच्या टोकाला अलगद येऊन थांबली, तेव्हा त्याने श्वास रोखून धरला होता. तो क्षण कुठल्या सीव्हीत लिहायचा, सांगा.

नौपाडा

ढकलगाडीचं घोडबंदरना मान्य. ती मीही लूपमध्ये हातानेच घेतो.

ऐरोलीकर, तुमचा मुलगा शिकला तसंच पुतणीलाही शिकू दे, त्याला माझी ना नाही. पण दहा वेळा चुकताना समोर आजोबांच्या हातची ब्रेकव्हॅन असेल, तर त्यातल्या एका तरी वेळी डायोडने तिला वाचवावं. कालपासून प्रत्येक इंजिनाच्या डब्यात मी कागद ठेवला आहे: पत्ता, सीव्ही ३, ४, २७, २९, आणि खाली शेवटच्या रीसेटची तारीख. पुढच्या रविवारी चार वाजता बोर्ड भिंतीवरून खाली काढतो. तुमचं इंजिन घेऊन या, ताशी ३० ने, २७ शून्य ठेवून. पुतणी चालवेल, तुम्ही शिकवा. मालगाडी मात्र लूपमधून काढलेली असेल.