माशी तुटते ती मागच्या फेकीत
फ्लाय फिशिंगच्या (गळावर बांधलेली कृत्रिम माशी फेकून मासेमारी) क्लबच्या रविवारच्या सरावात नव्यांची माशी दोरीवरून सारखी का तुटते, असा प्रश्न आलाय. मागे चाबकासारखा फट् आवाज येतो ना? म्हणजे दोरी मागे सरळ व्हायच्या आतच रॉड पुढे ओढला जातोय. मान वळवून दोरी बघा, ती ताणली की मगच पुढे. आधी मैदानावर शिकवा: 9 फुटी लीडर (मुख्य दोरीच्या टोकाला जोडलेली बारीक दोरी), टोकाला गळाऐवजी लोकरीचा तुकडा, दोरी 25 फूटच बाहेर. डांबरावर नको, दोरीचं आवरण खरवडतं. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात सकाळचीच वेळ धरा.

तलावावर जाण्याआधी ठेका असलेल्या मच्छीमार संस्थेला विचाराच. आणि पिल्लं राखणाऱ्या मरळ माशावर माशी टाकू नका, कळकळीची विनंती. मरळ उचलली की बाकीचे मासे तिच्या पिल्लांना फस्त करतात.