२१ दिवसांचा हिशेब सोडा
"२१ दिवस पाळलं की सवय लागते म्हणतात, मग माझं चालणं फेब्रुवारीतच का सुटलं?" असं तुम्ही विचारलंय. तो आकडा आधी डोक्यातून काढा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये संशोधक फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ साधारण ६६ दिवस निघाला, माणसामाणसात १८ ते २५४ इतका फरक. आणि मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही, मला तर हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

माझं पुण्यातली पर्वती टेकडी चढणं दर जुलैत सुटायचं, पायऱ्या निसरड्या होतात. आता पावसाळ्यात त्याच वेळी घरात १२ सूर्यनमस्कार घालते. व्यायाम बदलतो, वेळ नाही. तुम्ही उद्याच बूट चढवा, १ जानेवारीची वाट नका बघू.