मदत हवी आहे: १९५०च्या दशकातलं सोडा व्हेंडिंग मशीन, कॉम्प्रेसर घरघरतो आणि ट्रिप होतो

गंजपत्रा:
नमस्कार मंडळी. काचेच्या बाटल्यांचं अमेरिकन सोडा मशीन घरीच दुरुस्त करायला घेतलंय. अरुंद उभं दार, आत बाटल्यांच्या आडव्या रांगा, नाणं टाकायचं आणि बाटली मानेला धरून ओढायची, त्या पद्धतीचं. प्लेटवर ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झ, फ्रीऑन-१२ (म्हणजे आर-१२, गार करणारा जुना गॅस) एवढं वाचता येतं, बाकी गंजात गेलंय. घरची वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, म्हणून मध्ये ५०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर) स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावलाय.

प्लग लावला की कॉम्प्रेसर पाच-सहा सेकंद घरघरतो, 'टक्' होतं आणि गप्प. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा तेच. गॅस संपला असेल का? आर-१३४ए हा नवा गॅस भरून चालेल? नाणं टाकलं की सरळ परतीच्या खोबणीत येतं. खालचा पत्रा बराच खाल्लाय आणि दारावर रंगाचे निदान तीन थर आहेत. सँडब्लास्टिंग करून आधी रंगाचं काम उरकावं असा विचार आहे.

कॅपिलरी:
आधी प्लग काढा. दर वेळी घरघरताना मोटरमधून अडकलेल्या रोटरचा करंट जातो आणि वाइंडिंग भाजतं. ओव्हरलोड (मोटर तापली की वीज तोडणारा स्विच) वाचवतो, पण तोही तेवढ्याच वयाचा आहे.

गॅस कमी असला तर कॉम्प्रेसर चालतो, गार करत नाही. सुरूच न होणं हा विजेचा किंवा जॅम झाल्याचा प्रकार. माझा पहिला संशय तुमच्या ट्रान्सफॉर्मरवर आहे. चालताना ४-५ अँपिअर घेणारा कॉम्प्रेसर सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट ओढतो. त्या क्षणी ५०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर मान टाकतो, व्होल्टेज कोसळतं आणि रोटर हलतच नाही. किमान २००० व्हीए हवा. आणि ५० हर्ट्झवर ११५ व्होल्ट देऊ नका. व्होल्ट आणि हर्ट्झ यांचं प्रमाण तेच राहायला हवं, म्हणजे ११५ × ५० ÷ ६० = साधारण ९६. शंभर व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर त्याला जवळचा. ११५ दिले तर मोटरचं लोखंड सॅच्युरेट होऊन ती तापते. गती मात्र काहीही केलं तरी ५/६ च राहणार, गारवाही त्या हिशोबात कमी.

मशीन आणताना आडवं केलं होतं का? असेल तर उभं करून एक दिवस तसंच राहू द्या, कॉम्प्रेसरचं तेल खाली उतरायला हवं.

तारतंत्र:
वर लिहिलंय त्याच्याही आधी वायरिंग बघा. त्या काळच्या कापडी वेष्टनाच्या तारा वाकवल्या की आतलं रबर भुगा होऊन पडतं. मूळ कॉर्ड दोन तारांची असेल, अर्थिंग नाही. तीन तारांची १.५ चौरस मिमी कॉर्ड घाला, अर्थ थेट कॅबिनेटच्या खरवडलेल्या पत्र्याला बोल्टने पक्की करा आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरच (वीजगळती होताच वीज तोडणारा स्विच) मशीन चालवा. लोखंडी पेटी, आत ओल, माणूस हात घालून बाटली ओढणार. इथे काटकसर नको.

मग कॉम्प्रेसरच्या तीन टर्मिनलवरच्या (कॉमन, रन, स्टार्ट) तारा काढून मल्टिमीटरने तिन्ही जोड्या मोजा. कॉमन-रन सगळ्यात कमी, कॉमन-स्टार्ट त्याहून जास्त आणि रन-स्टार्ट ही दोघांची बेरीज यायला हवी. प्रत्येक टर्मिनल ते कॉम्प्रेसरची बॉडी: मेगरवर (इन्सुलेशन मोजणारं मीटर) निदान दोन मेगाओहम. आकडे इथे टाका.

रिले (सुरू होताना स्टार्ट वाइंडिंग जोडणारा स्विच) करंट प्रकारचा असेल तर तपासणं सोपं आहे. सुटा काढून हातात उभा धरा, स्टार्टचे काँटॅक्ट उघडे दिसले पाहिजेत. उलटा केला की आतला दांडा पडल्याचं 'टिक्' ऐकू येतं आणि मीटर शून्य दाखवतो. टिक् ऐकू येऊनही मीटर शून्यावर येत नसेल तर काँटॅक्ट जळालेत. परत बसवताना बाणाची दिशा वरच ठेवा. हा रिले वजनावर चालतो, आडवा बसवला तर स्टार्ट वाइंडिंग कायम जोडलेलं राहून जळेल.

दारात ट्यूबलाइट असेल तर तिचा चोक फोडू नका. १९७९ पूर्वीच्या चोकच्या कपॅसिटरमध्ये पीसीबी हे विषारी तेल असू शकतं. गळत असेल तर हातमोजे घालून अख्खा पिशवीत बंद करा आणि घातक कचऱ्यात द्या. ५० हर्ट्झवर तो नीट चालणारही नाही, १२ व्होल्टची एलईडी पट्टी लावून मोकळे व्हा.

खोटंनाणं:
नाण्याबद्दल. वीज बंद असताना टाकून बघितलंत का? बऱ्याच यंत्रणांत एक कॉइल असते. ती वीज असेल तेव्हाच नाण्याची वाट उघडी ठेवते. वीज नाही किंवा बाटल्या संपल्या, की प्रत्येक नाणं परत. हा बिघाड नाही, तशी रचनाच आहे.

वीज असतानाही परत येत असेल तर आधी मशीन ओळंब्यात आहे का ते पाहा. नाणं उतरत्या खोबणीतून घरंगळतं, व्यास आणि वजन पाळण्यावर तोललं जातं, मग चुंबकाजवळून जातं. मशीन जरा कललं की खरं नाणंही खोटं ठरतं. अमेरिकन पाच सेंट म्हणजे २१.२१ मिमी आणि ५ ग्रॅम. तुमचं नाणं कॅनडाचं नाही ना? व्यास तोच, पण १९५५ ते १९८१ ची कॅनडाची पाच सेंटची नाणी जवळपास शुद्ध निकेलची. चुंबक त्यांना धरणारच.

साफसफाई: रिजेक्टर (नाणं पारखणारा हा भाग) बाहेर काढा, कोमट साबणपाण्यात जुन्या टूथब्रशने घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग पूर्ण वाळवा. चुंबकावरचा लोखंडी कीस चिकटपट्टीने उचला. तेल अजिबात नाही! तेलावर धूळ बसते आणि महिन्याभरात पाळणा अडकतो. लागलंच तर सुकी ग्राफाइट पूड, तीही चिमूटभर.

गंजपत्रा:
सर्वांचे आभार. नाणं कॅनडाचंच निघालं, अमेरिकन नाणं वीज असताना आत जातं. मोजमाप: कॉमन-रन २.१, कॉमन-स्टार्ट ९.४, रन-स्टार्ट ११.५ ओहम. बॉडीला २० मेगाओहमच्या वर. रिलेचे काँटॅक्ट काळे होते, नवा बसवला. कॉर्ड बदलली, अर्थिंग केलं. २००० व्हीए, १०० व्होल्टवर कॉम्प्रेसर लगेच सुरू झाला. पण अर्ध्या तासाने कूलिंग कॉइलच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यावरच बर्फ, पुढे कोरडं.

कॅपिलरी:
वाइंडिंग ठणठणीत. पंखा फिरतोय ना? फिरत असेल तर आता मात्र गॅस कमी आहे, आणि बंद सिस्टीममध्ये गॅस आपोआप संपत नाही, म्हणजे कुठेतरी गळती आहे. दाब बघायला पाइपला टोचणी व्हॉल्व्ह लावू नका, तो स्वतःच गळतो.

आर-१२ ओझोनला घातक म्हणून १९८७च्या माँट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्याने बंद झाला, त्यामुळे उरलेला गॅस हवेत सोडू नका. तो काढणं, कोरड्या नायट्रोजनने १० बारपर्यंत गळती शोधणं, पाइपला डाग देणं, ५०० मायक्रॉनखाली (हे दाबाचं माप) व्हॅक्युम ही कामं परवानाधारक मेकॅनिकचीच. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन वापरायला निघालेला मेकॅनिक दिसला तर त्याला घराबाहेर काढा, तेलाशी ऑक्सिजन म्हणजे स्फोट.

नुसता आर-१३४ए भरून चालणार नाही. जुन्यात खनिज तेल आहे आणि आर-१३४ए त्यात मिसळत नाही. तेल कॉइलमध्ये अडकून बसतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. आर-१३४ए ला चालणारं पीओई हे कृत्रिम तेल घालायचं तर जुनं ५ टक्क्यांच्या खाली आणावं लागतं, आणि बंद डब्याच्या कॉम्प्रेसरमधून तेवढं काढणं वैताग आहे. माझं मत: जुना युनिट अख्खा उतरवून जपून ठेवा आणि २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा आर-१३४ए युनिट बसवा. कूलिंग कॉइल आतून धुऊन घ्यायची. ड्रायर (ओल शोषणारा फिल्टर) आणि कॅपिलरी (गॅसची बारीक नळी) नवीनच. फ्रीजरचा, कमी तापमानाचा एलबीपी कॉम्प्रेसर मात्र नको, मध्यम तापमानाचा एमबीपी घ्या, कॉइल उणे १० अंशांवर धरून क्षमता जुळवा.

तारतंत्र:
मूळ युनिट काढायला माझा जीव होत नाही, पण इथे कॅपिलरींशी सहमत. ट्रान्सफॉर्मरही छोटा होईल: नाण्याच्या कॉइलला १०० व्होल्टचा १०० व्हीए पुरे. आतला पंखाही २३० चा घ्या.

लांबीवाला:
रंग सगळ्यात शेवटी! नव्या रंगावर पाने (स्पॅनर) आणि डागाची ज्योत कशाला?

दाराला सँडब्लास्टिंग नको. सपाट पातळ पत्रा वाळूच्या माराने ताणून लाटा धरतो, त्या लांबी (पुट्टी) भरूनही जात नाहीत, आणि उठावाच्या अक्षरांच्या कडा बोथट होतात. रासायनिक स्ट्रिपर लावून प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. जुन्या रंगात शिसं धरूनच चाला, सुका काचपेपर मारू नका. सुट्या लोखंडी भागांना इलेक्ट्रोलिसिस उत्तम: लिटरला ५ ग्रॅम धुण्याचा सोडा, १२ व्होल्ट, भाग ऋण टोकाला, धन टोकाला साधं लोखंड. स्टेनलेस लावलंत तर विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून काम उघड्यावर. जस्ताच्या ओतीव मुठी त्यात बुडवू नका.

तळ का सडलाय ते आधी शोधा. कॉइलचं पाणी नेणारी नळी तुंबली की ते काचलोकरीत झिरपतं. ओली लोकर फेका, एक्सपीएसचे (कडक फोमचे पत्रे) तुकडे कापून बसवा. स्प्रे फोम फुगून पत्रा बाहेर ढकलतो.

इपॉक्सी प्रायमर, लांबी, सरफेसर, ६०० नंबरचा ओला पेपर, मग रंग. टू-के (हार्डनर मिसळायच्या) रंगात आयसोसायनेट हे विषारी रसायन असतं, साध्या मास्कने भागत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर फवारणी पेंटरकडे द्या. उठावाची अक्षरं, दाराचा मूळ रंग पूर्ण कडक झाल्यावर, कडक छोट्या रोलरने, जवळपास कोरड्या रोलरने पांढरी करा.

गंजपत्रा:
एक शेवटचा प्रश्न. गास्केट (दाराच्या कडेचं रबर) बदलायचं कधी, रंगाआधी की नंतर?

लांबीवाला:
नंतर. पण माप आत्ता घ्या, जुनं दाबलं न गेलेल्या कोपऱ्यात कापून त्याचा छेद जपून ठेवा. नवं बसवल्यावर दारात कागदाची पट्टी अडकवून ओढा, चारही बाजूंना सारखी घट्ट लागली पाहिजे. बिजागरीकडे सैल लागली तर गास्केटला दोष देऊ नका, बिजागरीखाली वॉशर घाला.