अनुभव धागा: डोमेन एक, मेल सर्व्हर दोन

धागाकर्ता: रबाळे एमआयडीसीत आमचा मेल सर्व्हर ऑफिसातच आहे, पोस्टफिक्स या मेल सॉफ्टवेअरवर. मार्केटिंगवाल्यांना आता क्लाउडवर न्यायचंय, पत्ते मात्र तेच हवेत. ज्यांनी हा दुहेरी संसार केलाय त्यांनी लिहा. 'सगळंच क्लाउडवर न्या' हे आमच्या शेठना सांगून झालंय.

वागळे इस्टेट: पहिली ठेच ठरलेली. बाहेरून आलेलं मेल क्लाउडवाल्याला नीट पोचतं, शेजारच्या टेबलावरून पाठवलेलं मात्र '५५०, यूजर अननोन' म्हणून परत येतं. डोमेन मायडेस्टिनेशनमध्ये (पोस्टफिक्सची 'ही डोमेनं माझीच' यादी) असलं की लोकल, म्हणजे ऑफिसातला, सर्व्हर एमएक्स (डोमेनचं मेल कुठल्या सर्व्हरकडे जावं हे सांगणारी डीएनएस नोंद) बघतच नाही. आपल्या यादीत नाव नाही, म्हणजे असा माणूसच नाही! आम्ही क्लाउडवर सबडोमेनचा दुय्यम पत्ता काढला आणि व्हर्च्युअल अलायसमध्ये (कुठला पत्ता कुठे वळवायचा ती यादी) एकेकाचं मेल तिकडे वळवलं. यादी बदलली की पोस्टमॅप ही कमांड चालवायची, नाहीतर जुनीच यादी चालू राहते.

महापे: क्लाउडचाही तोच तोरा असतो. एक्स्चेंज ऑनलाइनमध्ये (मायक्रोसॉफ्टची क्लाउड मेल सेवा) मी डोमेन 'ऑथोरिटेटिव्ह'चं (सगळे पत्ते इथेच) 'इंटर्नल रिले' (काही पत्ते दुसरीकडे) केलं आणि लोकल सर्व्हरकडे मेल नेणारा कनेक्टर लावला, तेव्हा तिकडून लोकलला मेल यायला लागलं. पण दोन्हीकडे 'आपला नसेल तर पलीकडे ढकल' ठेवू नका. कोणी स्पेलिंग चुकवलं की ते मेल 'टू मेनी हॉप्स' (फार वेळा हातबदल झाला) अशी एरर येईपर्यंत सरकारी फायलीसारखं फिरतं. सगळ्या पत्त्यांची पूर्ण यादी एकाकडेच हवी, म्हणजे चुकीचा पत्ता तिथेच परत जातो. आमच्याकडे ती लोकलवर आहे.

घोडबंदर रोड: आमचं गाडं पाठवण्यात अडलं. ब्रॉडबँडवर पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार) बंद, आयपी पत्ताही सतत बदलणारा. रिलेहोस्ट (आपलं मेल पुढे पाठवणारा दुसऱ्याचा सर्व्हर) घेतला, पोर्ट ५८७ वर लॉगिनसह. विषय संपला.

तुर्भे: बिलं गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये जायला लागली तर एसपीएफ (आपल्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात हे सांगणारी डीएनएस नोंद) बघा. आमच्या व्हेंडरने दोन सर्व्हर म्हणून दोन एसपीएफ रेकॉर्ड टाकले होते. दोन असले की तपासणीच एररमध्ये जाते. एकाच ओळीत दोन्ही घाला. डीएनएस लूकअप १० च्या वर जाऊ देऊ नका, 'इन्क्लूड' (दुसऱ्याची एसपीएफ यादी जोडणं) भराभर वाढतात.

धागाकर्ता: मग एमएक्स कुठे ठेवू? आमच्याकडे पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही.

महापे: लाइट गेली म्हणून मेल हरवत नाही, पाठवणारा सर्व्हर सहसा चार-पाच दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करतो. पण टेंडरची मुदत संध्याकाळी पाचला असली तर हे कोणाला पटवणार? एमएक्स क्लाउडवरच ठेवा, मार्केटिंगचं तरी अडणार नाही. आधी टीटीएल (डीएनएस नोंद इतरांकडे किती सेकंद साठून राहते तो आकडा) ३०० वर आणा आणि बदल सुट्टीच्या दिवशी करा.