प्रतिसाद: आधी एक बंब करून बघू दे
ताई, तुमचा भाचा बारावीत, हात चांगला, गेम आर्टिस्ट व्हायचंय म्हणतो, तर पुढे काय करावं, असं तुम्ही विचारलंय. आणि वर निम्म्या लोकांनी थेट महागडे ॲनिमेशन कोर्स सुचवलेत. फी भरायच्या आधी त्याला ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर डाउनलोड करून द्या, फुकट आहे. ड्रॅगन-बिगन नको, पाणी तापवायचा तांब्याचा जुना बंब त्यात करायला सांगा. थ्रीडी मॉडेल पॉलिगॉनचं, म्हणजे छोट्या सपाट तुकड्यांचं बनतं. आधी पोचे-चिरांसकट हाय-पॉली, म्हणजे भरपूर पॉलिगॉनचं मॉडेल, मग मोजक्याच पॉलिगॉनचं हलकं मॉडेल, आणि पहिल्यातले बारकावे नॉर्मल मॅपमध्ये (उंचसखलपणाचा भास देणाऱ्या चित्रात) बेक करून, म्हणजे उतरवून, दुसऱ्यावर चढवायचे. काजळी कुठवर चढलीय, तोटीपाशी हिरवट डाग कसा पडलाय, कडी हात लागून कुठे चकाकतेय, हे टेक्स्चरमध्ये, म्हणजे मॉडेलवर चढवायच्या रंगरूपात, आलं की बघणारा थांबतो. सोबत वायरफ्रेम (मॉडेलची नुसती जाळी) आणि यूव्ही (पृष्ठभाग सपाट उलगडून केलेला नकाशा) हेसुद्धा आर्टस्टेशनवर, म्हणजे कलाकार आपलं काम मांडतात त्या साइटवर, टाकावेत. नुसत्या देखण्या रेंडरवरून, म्हणजे तयार चित्रावरून, काम किती स्वच्छ आहे ते कळत नाही.

पदवी हवीच असेल तर यूसीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईचं बी.डिझाइन बघा. एनआयडीचा (राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा) डिजिटल गेम डिझाइन कोर्स बंगळूरला आहे, पण तो पदव्युत्तर.

आणि हो, थ्रीडी हाती आलं की मुलं पेन्सिल टाकून देतात. ते मात्र होऊ देऊ नका.